भावाच्या सट्ट्याचे कर्ज वडिलांनी फेडावे का? आणि इंदूरमध्ये मदत कोठे मिळेल?

थोरली_सुदामानगर

सर्वांना नमस्कार. माझ्या धाकट्या भावाविषयी सल्ला हवा आहे. तो विजयनगरमधील एका खासगी कंपनीत लेखा विभागात आहे, पगार बरा आहे, दारू-तंबाखूच्या वाटेला तो कधी गेला नाही, आणि नात्यागोत्यात तो शहाणा मुलगा म्हणूनच ओळखला जातो. तो क्रिकेटवर सट्टा लावतो हे आम्हांला दिवाळीच्या सुमारास समजले, तेही त्याच्याकडून नव्हे. सोनेतारण कर्जाचे व्याज थकल्याचा संदेश आईच्या मोबाइलवर आला, आणि कपाटातला डबा उघडून पाहिला तेव्हा तिच्या पाटल्या जागेवर नव्हत्या.

आता एकेका गोष्टीचा अर्थ लागतो आहे. सामना सुरू झाला की तो गच्चीवर जाऊन बसत असे, जेवताना मोबाइल ताटाशेजारी पालथा ठेवत असे, आणि सोमवारी एकतर त्याचा चेहरा उतरलेला असे किंवा तो सर्वांसाठी मिठाई घेऊन येत असे, कारण खाईवालाकडचा, म्हणजे सट्टा घेणाऱ्याकडचा, आठवड्याचा हिशेब सोमवारी होतो. कोणीतरी व्हॉट्सॲपवर त्याला ‘आयडी’, म्हणजे ऑनलाइन सट्टा लावण्याचे खाते, दिली. सुरुवातीला त्याने सामन्याच्या निकालावर शे-दोनशे रुपये लावले, मग सहा षटकांच्या ‘सेशन’वर, म्हणजे तेवढ्या षटकांत किती धावा होतील यावर, आणि अलीकडे क्रिकेट नसेल त्या दिवशी त्याच आयडीवरच्या पत्त्यांच्या खेळावर. देणे किती आहे असे विचारले की दर वेळी आकडा वाढतो. त्यात कर्ज देणारी काही ॲप्स आहेत, क्रेडिट कार्ड आहे, सहकाऱ्यांकडून घेतलेले हातउसने आहे आणि खाईवालाची उधारी आहे.

बाबा निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचे म्हणणे असे की मुदत ठेव मोडून एकदाचे सगळे फेडून टाकू, म्हणजे मुलगा मोकळा होईल. भाऊ म्हणतो की मी सट्टा सोडण्याची गरज नाही, यापुढे महिन्याला ठरावीक रकमेच्या वर जाणार नाही. जगभर लोक जबाबदारीने खेळतात. आईला एवढेच वाटते की ही गोष्ट घराबाहेर जाऊ नये, कारण त्याचे लग्न ठरले आहे. बाबांनी पैसे भरावेत का, अशी मर्यादा पाळून खेळणे त्याला खरोखर जमेल का, आणि आपल्या शहरात कोणाकडे जावे, हे कृपया सांगावे.

खातेवही

ताई, मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, म्हणून पैशापुरतेच बोलतो.

बाबांनी ठेव मोडू नये. निदान आत्ता नाही, आणि एकरकमी तर नाहीच. कर्ज फिटले की भावाच्या छातीवरचे दडपण जाते, सट्टा मात्र जागच्या जागी राहतो. कार्डाची मर्यादा पुन्हा मोकळी होते, ॲपवाले ‘वेळेवर फेडणारा ग्राहक’ म्हणून त्याला आधीपेक्षा मोठे कर्ज देऊ करतात, आणि खाईवालाला कळून चुकते की या मुलामागे पैसे भरणारे वडील उभे आहेत. मी नोकरीत असताना एकाच मुलासाठी पुन्हा पुन्हा ठेवी मोडायला आलेले आईवडील पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी ‘ही शेवटची’ हेच वाक्य ऐकले आहे. बाबांना हेही सांगावे की सज्ञान मुलाने स्वतःच्या नावावर काढलेल्या कर्जाला वडील कायद्याने बांधील नसतात. त्यांनी जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली असेल तरच गोष्ट वेगळी.

आधी खरा आकडा हातात यावा. तो भावाच्या तोंडून येणार नाही. लबाडीपेक्षा लाज हे त्याचे मोठे कारण असते. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून प्रत्येकाला वर्षातून एकदा आपला पूर्ण क्रेडिट अहवाल विनामूल्य मिळतो. भावाने तुमच्या शेजारी बसून तो मागवावा. नोंदणीकृत बँका आणि वित्त कंपन्यांची बहुतेक कर्जे त्यात दिसतात. हातउसने आणि खाईवालाची उधारी त्यात दिसत नाही, ती वेगळ्या कागदावर त्याच्याच हाताने लिहून घ्यावी.

फेडीचा क्रम ठरवताना मी सोनेतारण सर्वांत वर ठेवीन, कारण तिथे विलंब झाला तर दागिन्यांचा लिलाव होतो आणि त्या पाटल्या आईच्या आहेत. व्याजाचे पैसे घरातून द्यायचे असतील तर ते थेट त्या कर्जखात्यात भरावेत, भावाच्या हातात किंवा त्याच्या खात्यात नव्हे. त्यानंतर कार्ड आणि ॲप्स. कार्डाच्या थकबाकीचे हप्ते पाडून द्यावेत असा लेखी अर्ज बँकेला करता येतो, आणि बँकांनाही बुडीत खात्यापेक्षा हप्ते परवडतात. सहकाऱ्यांना भावाने स्वतः जाऊन सांगावे की दर महिन्याला अमुक इतके देईन. हे सारे त्याच्या पगारातून फिटायला दोन-तीन वर्षे लागली तरी लागू द्यावीत.

वसुलीच्या फोनांना घाबरू नये. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या निर्देशांनुसार वसुली करणाऱ्यांना सकाळी ८ च्या आधी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, आणि कर्जदाराच्या नातेवाइकांना किंवा मित्रांना त्रास देता येत नाही. असे घडले तर आधी त्या कंपनीकडे लेखी तक्रार करावी, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्यांच्या संपर्क केंद्राचा क्रमांक १४४४८ आहे. ॲपने मोबाइलमधील फोटो किंवा नंबर उचलून धमकावले असेल तर तो सायबर गुन्हा आहे. त्यासाठी पोलीस ठाणे आणि १९३० हा क्रमांक.

खाईवालाचे देणे ही निराळी बाब आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैज हा करारच रद्दबातल ठरतो आणि पैजेत जिंकलेले पैसे कोणालाही न्यायालयात दावा लावून वसूल करता येत नाहीत. अर्थात अशी माणसे न्यायालयात जात नाहीत, घरी येतात. भावाने कोरे धनादेश किंवा सही केलेले मुद्रांक दिले आहेत का, हे आजच विचारा. दिले असतील तर वकिलाला भेटणे टाळू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर विनामूल्य कायदेशीर मदतीची माहिती मिळते.

आणखी एक गोष्ट, जी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. उधारी फिटत नसली की ही मंडळी मुलाला म्हणतात, “तुझे बँक खाते आम्हांला वापरायला दे, महिन्याला एवढे कापून घेऊ.” त्या खात्यातून मग इतरांच्या फसवणुकीचे पैसे फिरतात, खाते गोठवले जाते आणि पोलिसांचे पत्र खातेदाराच्या नावाने येते. जुगारातल्या देण्यापेक्षा हे प्रकरण कितीतरी जड जाते. भाऊ लेखा विभागात आहे म्हणता, म्हणून हेही स्पष्ट विचारा की कंपनीच्या पैशाला त्याने हात लावलेला नाही ना.

तिरपागडा

मी थोडा वेगळा सूर लावतो. दिवाळीत तीन पत्ती खेळणारा किंवा गोव्याला गेल्यावर एकदा कॅसिनोत डोकावणारा प्रत्येक माणूस रोगी नसतो, आणि सर्वांनाच पापी ठरवले तर खरोखर अडकलेला माणूस तोंड उघडत नाही. तेव्हा भावाने विचारलेला जबाबदारीचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये.

जबाबदारीने खेळणारा माणूस खेळाकडे कमाई म्हणून पाहत नाही. नाटकाच्या तिकिटासारखे तो ते पैसे गेलेच असे धरून चालतो, घरखर्च आणि हप्ते बाजूला काढून उरलेल्यातूनच लावतो, उसने घेऊन कधीच लावत नाही, वेळ आधी ठरवतो, दारू पिऊन किंवा मन बिघडलेले असताना बसत नाही, आणि हरलेले परत मिळवण्यासाठी आणखी एक डावही खेळत नाही. हा शेवटचा नियम ज्याला पाळता येतो त्याला बाकीचे आपोआप पाळता येतात, आणि ज्याला तो पाळता येत नाही त्याला बाकीच्यांचा काही उपयोग नाही.

गणितही त्याला समजावून सांगा, तो तर हिशेबाचाच माणूस आहे. मटक्यात एकेरी आकड्याला जुना भाव नऊपट. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर जातात आणि नव्वद येतात. रूलेट म्हणजे फिरत्या चाकावर चेंडू टाकून खेळायचा कॅसिनोतला खेळ; एकच शून्य असलेल्या रूलेटमध्ये ३७ घरे असतात आणि पैसे ३६ घरे असल्याच्या हिशेबाने मिळतात, म्हणजे दर शंभरामागे सरासरी २ रुपये ७० पैसे चालवणाऱ्याचे. सेशनच्या भावातही असाच वाटा लपलेला असतो. एखाद्या सोमवारी खेळणारा जिंकतो हे खरे, पण हजारो खेळणाऱ्यांचा मिळून हिशेब केला तर खाईवाल हरत नाही.

आणि ‘इतके हरलो, आता येणारच’ हा जो भ्रम आहे त्याला माँटे कार्लोच्या कॅसिनोने मोठा दाखला देऊन ठेवला आहे. १८ ऑगस्ट १९१३ रोजी तेथे रूलेटचा चेंडू सलग २६ वेळा काळ्या घरात पडला, आणि लोक प्रत्येक फेरीला ‘आता लाल येणार’ म्हणून अधिकाधिक लावत गेले. चेंडूला मागचे आठवत नाही.

तरीही तुमच्या भावाच्या बाबतीत मर्यादेची भाषा मला पटत नाही, आणि त्याचे कारण त्याच्या स्वभावापेक्षा त्या धंद्याच्या रीतीत आहे. कॅसिनोत चिप्स आधी विकत घ्याव्या लागतात, म्हणून खिसा रिकामा झाला की निदान उठावे तरी लागते. खाईवाल उधारीवर खेळवतो. रविवारी रात्री खात्यात एक रुपया नसतानाही माणूस पन्नास हजार हरू शकतो. परदेशांत खेळणाऱ्याला स्वतःवर बंदी घालून घेता येते. ब्रिटनमध्ये २०१८ पासून एकाच नोंदणीने परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांची दारे बंद करून घेण्याची सोय आहे. इथे ज्या माणसाचा धंदाच बेकायदा आहे त्याला ‘मला अडव’ असे सांगून काय होणार? जुनी आयडी बंद केली तर तो नवी देईल.

कायद्याचे म्हणाल तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेदही त्यात ठेवलेला नाही. शिक्षा आहे ती असे खेळ चालवणाऱ्यांना, त्यांची जाहिरात करणाऱ्यांना आणि पैशांची देवघेव करून देणाऱ्यांना. नुसते खेळणाऱ्याला नाही. म्हणून मदत मागायला गेलो तर पकडतील, ही भीती भावाने बाळगू नये. मात्र चार मित्रांना आयडी मिळवून देऊन त्यावर कमिशन घेणे हा प्रकार त्याने केला असेल तर तो त्याच दिवशी थांबवावा.

समुपदेशक_पलासिया

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. समोर न बसता निदान करता येत नाही, ते मी करणारही नाही. पण आपण लिहिलेल्या गोष्टी पाहता तपासणी लांबणीवर टाकू नये असे स्पष्टपणे सांगते.

जुगाराची ही अवस्था आज मानसोपचारशास्त्रात व्यसन म्हणूनच मानली जाते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणाने २०१३ मध्ये तिला दारू आणि इतर अमली पदार्थांच्या शेजारी बसवले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही ती व्यसनाधीन वर्तनातच मोडते. त्यामुळे ‘इतका हुशार मुलगा, त्याला कळत कसे नाही’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. त्याला कळते. कळूनही थांबता न येणे हाच तर आजार आहे.

प्राथमिक चाळणीसाठी दोनच प्रश्न वापरले जातात: अधिकाधिक पैसे लावावेत अशी ओढ तुम्हांला कधी वाटली आहे का, आणि आपण किती खेळतो याविषयी जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले आहे का. यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ आले तर सविस्तर तपासणी करावी. मग गेल्या बारा महिन्यांविषयीची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, जिच्यात प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण मिळतात आणि ८ किंवा त्याहून अधिक गुण झाले तर समस्या गंभीर समजली जाते. भावाने ती एकट्याने, प्रामाणिकपणे भरावी. घरच्यांनी त्याच्यासमोर उत्तरपत्रिका तपासायला बसू नये.

तिरपागडा यांनी मर्यादेविषयी जे लिहिले त्याला मी पुस्ती जोडते. ज्याला मर्यादा पाळता आली असती त्याला आईच्या पाटल्यांपर्यंत जावे लागले नसते. लपवणे, उसने घेणे आणि क्रिकेट नसताना पत्त्यांवर लावणे ही तिन्ही लक्षणे आपल्या पत्रात आहेत, आणि अशा माणसाला आम्ही निदान उपचार चालू असेपर्यंत पूर्ण थांबण्याचाच सल्ला देतो.

आता कोठे जावे. महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे आपले एमवाय, तेथे आणि बाणगंगा येथील शासकीय मानसिक रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. दोन्ही संस्था महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या आहेत. बाणगंगेचे नाव काढले की आपल्याकडे जुन्या पिढीच्या कपाळावर आठ्या पडतात, पण तेथे बाह्यरुग्ण म्हणून दाखवून त्याच दिवशी घरी परतता येते. रुग्णालयात जायला मन धजत नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावरून सुरुवात करावी. ही केंद्र सरकारची विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास मिळते, आणि निवडता येणाऱ्या भाषांत हिंदीप्रमाणे मराठीही आहे. तेथे रुग्णानेच फोन करावा असा नियम नाही. भाऊ तयार नसेल तर आपण स्वतःसाठी करा. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून मोबाइल आणि इंटरनेटच्या अतिवापरावर स्वतंत्र उपचारकेंद्रही चालते.

डॉक्टर प्रथम हे पाहतील की या मागे नैराश्य किंवा उन्मादाचा आजार आहे का, कारण उन्मादाच्या काळातही माणूस बेफाम पैसे उधळतो. चालू असलेली सर्व औषधे त्यांना सांगावीत. भावाला हे लागू नसेल, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवते: कंपवातावर दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांमुळे आयुष्यात कधी पत्ता न शिवलेले आजोबाही जुगाराकडे वळल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते औषध कमी केले किंवा बदलले की ती ओढ बहुधा जाते.

मुख्य उपचार बोलण्याचा असतो. ‘एका धावेने हुकले, म्हणजे माझा अंदाज बरोबरच होता’ अशा विचारांची चिरफाड करणे, ओढ कोणत्या वेळी आणि कोणत्या मनःस्थितीत येते हे टिपणे, आणि ती ओसरेपर्यंत पैसे व मोबाइल यांच्यात अंतर ठेवणे, हे त्यात शिकवतात. केवळ जुगारासाठी मान्यता मिळालेले असे औषध नाही. दारूच्या व्यसनात वापरले जाणारे नाल्ट्रेक्सोन काही रुग्णांना ओढ कमी होण्यासाठी दिले जाते, पण तो निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा. आपण डॉक्टरांना जे सांगाल ते गोपनीय ठेवणे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार त्यांच्यावर बंधनकारक आहे. महिनाभर कोंडून ठेवून ‘मुलगा सुधारून देतो’ असे सांगणाऱ्या कोणत्याही केंद्राच्या नादी कृपया लागू नका.

आणि एक विचारणे राहू देऊ नका. कर्जाचा खरा आकडा घरात उघड होतो तो काळ फार नाजूक असतो. त्याला एकांतात, सरळ शब्दांत विचारा: “जगणे नकोसे वाटते का? जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बहुतेकांना हायसे वाटते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका, घरातील औषधे आणि कीटकनाशके हलवा, आणि तडक एमवायच्या तातडीच्या विभागात न्या.

रामबागची_सून

माझ्या यजमानांचे हेच होते, म्हणून घरातल्या बाजूचे लिहिते.

आम्ही त्यांचा पगार माझ्या खात्यात वळवला, आणि ते त्यांनीच बँकेत अर्ज देऊन केले; मी हिसकावून घेतले असते तर चार दिवसही टिकले नसते. त्यांच्याकडे रोजच्या खर्चापुरती रोख रक्कम असे. क्रेडिट कार्ड परत केले आणि त्यांच्या खात्याची यूपीआयची दिवसाची मर्यादा बँकेकडून अगदी खाली आणली. ज्या नंबरवर आयडी आणि भाव येत तो नंबर बंद केला. सर्वांत जड गेले ते हेच, कारण त्या व्हॉट्सॲप गटांत त्यांचे शाळेपासूनचे मित्र होते. मोबाइलमध्ये बेटब्लॉकर हे विनामूल्य ॲप टाकले. ते जुगाराच्या माहीत असलेल्या संकेतस्थळांना अडवते, पण इथले खाईवाल पत्ते बदलत राहतात, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये.

सुरुवातीचे काही आठवडे ते चिडचिडे झाले होते आणि रात्री झोपत नव्हते. दारू सोडल्यावर होते तसेच हे, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मला समजले. तोवर मला वाटत होते की त्यांना आमचाच राग आला आहे. आयपीएलचे दोन महिने फार कठीण जातात. साडेसात वाजले की गल्लीतल्या प्रत्येक घरातून समालोचन ऐकू येते, म्हणून आम्ही त्या वेळी जेवण उरकून बाहेर पडायचो आणि अकराच्या पुढे घरी यायचो. सासरे क्रिकेटचे मोठे शौकीन, पण त्या वर्षी त्यांनी घरातला टीव्ही आपण होऊन काढून टाकला आणि त्याविषयी एक शब्दही बोलले नाहीत.

मध्ये एकदा पाय घसरला. तसे झाले तर काय करायचे हे आम्ही आधीच ठरवून ठेवले होते: त्यांनी त्याच दिवशी मला सांगायचे, मी आरडाओरडा करायचा नाही आणि पैसेही द्यायचे नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी डॉक्टरांकडे जायचे. म्हणून ते प्रकरण आठवड्याच्या आत संपले. त्यांना गॅम्ब्लर्स ॲनॉनिमसच्या ऑनलाइन सभांचा उपयोग झाला. ही १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेली, जुगार सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेली संघटना आहे. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी गॅम-ॲनॉन म्हणून वेगळ्या सभा असतात. आधी मला वाटले होते की मी कशाला जाऊ, मी थोडीच खेळते. पण माझी झोप तिथे गेल्यावरच परत आली.

ताई, रात्री त्याचा मोबाइल चोरून तपासत बसू नका. त्याने काही थांबत नाही, आणि लपवण्याच्या नव्या युक्त्या तेवढ्या त्याला शिकायला मिळतात. आठवड्यातून एक वेळ ठरवा, बँकेची विवरणपत्रे मेजावर ठेवा, अर्धा तास बोला, आणि नंतर त्याला भाऊ म्हणून वागवा.

थोरली_सुदामानगर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. समुपदेशक ताईंनी सांगितलेला प्रश्न मी काल विचारला. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला की मागच्या महिन्यात एकदा तसे वाटले होते, आता वाटत नाही. आम्ही दोघांनी १४४१६ वर फोन केला. तो मराठीतच बोलला. सोमवारी एमवायला जायचे ठरले आहे. क्रेडिट अहवाल मागवले, तर त्याने सांगितलेल्या शेवटच्या आकड्यापेक्षा दोन कर्जे जास्त निघाली. कोरा धनादेश एक दिला आहे.

बाबांचे अजून पूर्ण पटलेले नाही. ते म्हणतात की कर्ज डोक्यावर ठेवून मुलगा बरा कसा होईल. आणि लग्नाचे काय? मुलीकडची मंडळी देवासची आहेत, चांगली आहेत. आईचे म्हणणे की उपचार सुरू झालेच आहेत, मग सांगून ठरलेले कशाला मोडायचे.

खातेवही

धनादेशाचे काम आधी करा. वकिलाला विचारून, तो कोणाला, कधी आणि कशासाठी दिला याची लेखी नोंद आजच्या तारखेने तयार करून घ्या. धनादेश वटला नाही आणि नोटीस आली तर उत्तर द्यायला दिवस थोडे असतात, त्यामुळे घरी आलेले कोणतेही नोंदणीकृत पत्र परत पाठवू नका.

बाबांची तळमळ समजते. त्यांना मधला मार्ग सुचवा: ठेव तशीच राहू द्यावी, आणि तिचे दर तिमाहीला येणारे व्याज त्यांची इच्छाच असेल तर सोनेतारणाच्या खात्यात थेट भरावे. पाटल्या सुटल्या की त्या आईच्या ताब्यात, तिच्या एकटीच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवाव्यात. भावाचे उपचार वर्षभर नीट चालले तर उरलेल्या कर्जाचा विचार तेव्हा करता येईल. ठेव तोवर कोठे पळून जात नाही.

समुपदेशक_पलासिया

फोन केलात हे फार चांगले झाले. सोमवारी जाताना क्रेडिट अहवाल आणि जुनी औषधांची चिठ्ठी असल्यास बरोबर न्या, आणि ‘मागच्या महिन्यात तसे वाटले होते’ हे वाक्य डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांतच सांगा; ते शेवटी दारातून निघताना सांगितले जाते असा माझा अनुभव आहे. डॉक्टरांनी भावाशी काही वेळ एकट्याने बोलावे, तेव्हा आपण आग्रहाने खोलीत थांबू नका.

लग्नाविषयी माझे मत स्पष्ट आहे. मुलीला सांगायला हवे, आणि तिच्या आईवडिलांच्या आधी तिला, भावाने स्वतः. लग्नानंतर तिचे दागिने, तिचा पगार, तिची सही या सगळ्यांचा या कर्जाशी संबंध येणार आहे. तिला अंधारात ठेवून ती जोखीम तिच्यावर टाकण्याचा हक्क आपल्यापैकी कोणालाही नाही. किती कर्ज आहे, शेवटचे कधी खेळलो, उपचार कोठे चालू आहेत आणि फेडीचा बेत काय, एवढे त्याने सांगावे. ‘आता सगळे सुटले’ असे मात्र सांगू नये, कारण ते आज कोणालाच ठाऊक नाही. ती नाही म्हणाली तर तो तिचा निर्णय आहे. वेळ हवा म्हणाली तर तारीख पुढे ढकलावी, आणि ती तयार असेल तर डॉक्टरांच्या दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला तिलाही बरोबर न्यावे. हे सांगण्याआधी त्याला तालीम करायची असेल तर समुपदेशनाच्या पहिल्या काही बैठकांत आम्ही ती करून घेतो. आईंना वाटल्यास माझ्याशी बोलू द्या. व्यक्तिगत संदेश पाठवला तर मी दुपारी तीननंतर मोकळी असते.